कंटिन्यूटीची वही : ठकांच्या टोळीतला तिसरा माणूस

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी म्हटलं होतं की कमी पैशांत गुन्ह्याचा सिनेमा करायचा असेल तर खून सोडा, फसवणूक घ्या. रक्त महाग पडतं, थापा फुकट असतात. तेवढ्या एका वाक्यावर या वेळी टपालाचा ढीग आलाय. सगळ्यांना जागा नाही. निवडलेली पत्रं काटछाट करून देते आहे, आणि काहींनी नाव नको म्हटल्यामुळं सगळ्यांचीच नावं गाळलीत. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी आधी कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत आणि नंतर तिथल्याच चित्रनगरीत कंटिन्यूटी बघायची. म्हणजे मागच्या शॉटमध्ये नायकाच्या कपात चहा किती उरला होता, घड्याळ कुठल्या मनगटावर होतं, हे वहीत लिहून ठेवणारी बाई.

प्रश्न : आक्का, आम्ही पाच मित्र मिळून सिनेमा करतोय. चार ठकांची टोळी एका लोभी सावकाराला गंडवते, अशी गोष्ट आहे. सगळ्यांचे मिळून तीन लाख जमलेत, कॅमेरा मित्राचा आहे. शेवटी मुंबईतलं मोठं हॉटेल आणि गाड्यांचा पाठलाग लिहिलाय. पैशांत बसत नाही. काय कापू? (एक वाचक, इचलकरंजी)

पाठलाग काप, मुंबई काप, हॉटेलही काप. ठकाच्या गोष्टीत पळापळ आली की समज, ठक नापास झाला. चांगला ठक चालत जातो, आणि ज्याला फसवलं तोच त्याला रिक्षा थांबवून देतो.

तुझी संहिता वाचली. चौघांची नावं लिहिलीस, वयं लिहिलीस, कुणाचा कुणावर जीव आहे तेही लिहिलंस. पण टोळीत कुणाचं काम काय, ते कुठंच नाही. चौघंही हुशार, चौघंही सिगरेट ओढत खिडकीतून बाहेर बघतात. असं चालत नाही बाबा. फसवणूक हा मिळून करायचा धंदा आहे आणि त्यात कामं वाटलेली असतात. एकजण सावज हेरतो, ओळख काढतो, 'तुमचे वडील आमच्या मामांच्या वर्गात होते' इथपर्यंत पोचतो. दुसरा साहेब होतो. त्याच्याकडं गाडी नाहीतर शिक्का असतो आणि वेळ अजिबात नसतो. तिसरा त्या सावजासारखाच एक साधा माणूस, आणि तो सावजाच्या आधी विश्वास ठेवतो. चौथा काम उरकल्यावर मागं थांबतो, सावजाची समजूत काढतो, त्याला पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत जाऊ देत नाही. या चौथ्याच्या कामावर तर अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये अख्खा निबंध लिहिलाय. तुझ्या संहितेत हा चौथा नाहीच. सावकार फसला, आणि पुढच्या सीनमध्ये टोळी गोव्यात बिअर पिते. मधल्या काळात सावकार काय करत होता? कपाळाला हात लावून बसला होता?

आता त्या तिसऱ्याबद्दल. जत्रेत तीन पत्त्यांचा डाव मांडून बसलेला माणूस बघितला असशील. सगळे पत्ते फिरवणाऱ्याच्या बोटांकडं बघतात. मी मात्र त्याच्या समोर उभ्या असलेल्या, पन्नास लावून शंभर जिंकणाऱ्या माणसाकडं बघायची. तो हरखतो, नोट चुरगाळून वरच्या खिशात कोंबतो, 'चला, एसटीचं भाडं सुटलं' म्हणतो आणि निघाल्यासारखं करून पुन्हा थांबतो. थोड्या वेळानं तोच पुन्हा जिंकतो. बोटांची कला तुला दाखवता येणार नाही, त्याला सराव लागतो. पण ही चुरगाळलेली नोट कुठलाही बरा नट दाखवू शकतो, आणि खर्च पन्नास रुपये. तुझ्या गोष्टीतला हा तिसरा नट सगळ्यात नीट पारखून घे. देखणा नको. वीज बिलाच्या रांगेत पुढं उभा असतो आणि घरी गेल्यावर ज्याचा चेहरा आठवत नाही, तसला हवा.

हॉटेलच्या जागी खोटी कचेरी कर. ठकांच्या सिनेमात सेटपेक्षा भारी काही नसतं, कारण गोष्टीतसुद्धा तो सेटच असतो. 'द स्टिंग' (१९७३) मध्ये १९३६ च्या शिकागोत अख्खा खोटा सट्ट्याचा अड्डा उभा केलाय, आत बसलेली झाडून सगळी माणसं टोळीची. तुझ्या तीन लाखांत एक टेबल, काचेखाली जुन्या पावत्या, भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर, एक शिपाई आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य एवढं बसतं. सावज जितका वेळ बाकावर बसून वाट बघेल, तितकी ती कचेरी खरी होत जाईल. वाट बघायला पैसे पडत नाहीत. लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत जुन्या इमारतीतला वरचा मजला, लाकडी जिना असलेला, एका रविवारपुरता कुणाकडून तरी मिळेल. जिना मात्र वाजणारा बघ. कोण येतंय ते टोळीला आधी ऐकू आलं पाहिजे, प्रेक्षकालाही.

पैशाबद्दल ख्रिस्तोफर नोलनचा पहिला सिनेमा 'फॉलोइंग' (१९९८) डोळ्यासमोर ठेव. तोही फसवणुकीचाच. बजेट सहा हजार डॉलरच्या आसपास, सोळा मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म, नट नोकरी करणारे म्हणून वर्षभर सुट्टीच्या दिवशी शूटिंग. फिल्म महाग, म्हणून आधी इतक्या तालमी केल्या की एक-दोन टेकमध्ये काम उरकायचं. ही शेवटची गोष्ट कोल्हापूर-इचलकरंजीच्या माणसाला वेगळी शिकवावी लागू नये. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी आपली हौशी मंडळी दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला जमतातच की. तसंच कर. कॅमेरा फुकट आहे म्हणून वीस-वीस टेक घेत बसू नको, विसाव्या टेकला ठक खोटा वाटायला लागतो.

पैसे घाल आवाजात. कॉलर माइक भाड्यानं आण आणि एक माणूस फक्त हेडफोन लावून बसव, त्याला दुसरं काम सांगायचं नाही. असला सिनेमा कुजबुजीवर चालतो. चेहरा अंधारात गेला तर लोकांना रहस्य वाटतं. शब्द ऐकू आला नाही तर ते शेजाऱ्याला 'काय म्हणाला?' विचारतात आणि तेवढ्यात तुझी चाल निघून गेलेली असते. बिंदू चौकात भर दुपारी कॅमेरा लावलास तर हॉर्नशिवाय काही मिळायचं नाही. रंकाळ्यावरचा सीन पहाटे उरकून घे. आणि जून ते सप्टेंबर बाहेरच्या शूटिंगचा नाद सोड, तेवढ्या दिवसांत तालमी होतील.

प्रश्न : आक्का, तुमचं ते 'थापा फुकट असतात' वाचून राग आला. माझ्या सासूबाई श्रावणात देवीचं दर्शन घेऊन येत होत्या. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत दोघांनी अडवलं, 'आम्ही पोलीस, पुढं चोरी झालीय, दागिने काढून ठेवा' म्हणाले. तिथल्याच एका माणसानं गळ्यातली चेन काढून दिली म्हणून सासूबाईंना खरं वाटलं. घरी येऊन रुमाल सोडला तर आत दगड. पाटल्या गेल्या, आणि त्या आता एकट्या देवळात जात नाहीत. सिनेमावाले असल्यांना हिरो करतात आणि आपण टाळ्या वाजवतो. हे बरं दिसतं का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. चेन काढून देणारा माणूस त्यांचाच.

ही फसवणूक महाराष्ट्रात गावोगावी वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिची मांडणी ठरलेली आहे. ओळखपत्र लांबूनच हलवून दाखवणारा एक, त्याच्यामागं मोटरसायकल चालू ठेवून बसलेला दुसरा. आधी ते तुमच्या सासूबाईंकडं बघतही नाहीत. त्या तिसऱ्यालाच दरडावतात, 'काय हो, सकाळपासून सांगतोय, कळत नाही का?' तो जरा कुरकुरतो, मग चेन काढतो. साहेब ती कागदात गुंडाळून त्याच्याच हातात परत देतो. बघणाऱ्याला काय दिसलं? पोलिसानं सोनं घेतलं नाही, परत दिलं. आता आजींची पाळी. पाटल्या काढताना म्हाताऱ्या हाताला वेळ लागतो, साहेब घाई करत नाही, उलट 'सावकाश, आजी' म्हणतो. मग तो स्वतः रुमालाला गाठ मारतो आणि स्वतःच पिशवीत ठेवतो, 'पिशवी घट्ट धरा, जमाना वाईट आहे' असं सांगत. गाठ मारणं आणि पिशवीत ठेवणं यांच्या मध्ये रुमाल बदललेला असतो. ही मोठी हातचलाखी नव्हे. सगळं काम त्या आधीच्या चेनेनं केलेलं असतं.

म्हणून सासूबाईंना कुणी 'तुम्हाला कसं कळलं नाही?' विचारत असेल तर त्यांचं तोंड बंद करा. तीन माणसं सराव करून एका माणसावर चालून आली तर त्या एकाचं काय चालणार? त्यांना एवढंच सांगून ठेवा की खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढायला सांगत नाही. कुणी सांगितलं तर समोरच्या दुकानात शिरायचं, मोठ्यानं बोलायचं, ११२ ला फोन लावायचा. तक्रार केली नसेल तर अजून करा. आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरे असतात, आणि तोच तिसरा माणूस दुसऱ्या गल्लीतल्या चित्रणात दिसला तर पोलिसांना धागा मिळतो.

लोक तक्रार करत नाहीत यावर तर ठकांचा संसार चालतो. व्हिक्टर लुस्टिग नावाच्या ठकानं १९२५ मध्ये, पॅरिसचा आयफेल टॉवर सरकार भंगारात काढतंय असं सांगून तो एका भंगार व्यापाऱ्याला विकला. लोक हसतील म्हणून व्यापारी गप्प बसला असं सांगतात, आणि लुस्टिगनं तोच टॉवर पुन्हा विकायचा घाट घातला!

आता टाळ्यांचं. तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. ठकाला हिरो करताना सिनेमावाले एक सोय करून घेतात: सावज नालायक दाखवतात. सावकार, बिल्डर, काळ्या पैशाचा पुढारी. 'खोसला का घोसला' (२००६) मध्ये दिल्लीतलं एक मध्यमवर्गीय कुटुंब नाटकवाल्यांना हाताशी धरून जमीन बळकावणाऱ्याला फसवतं, तिथं टाळी वाजवताना मला काही लाज वाटली नाही. कारण त्यांची जमीन कशी गेली आणि बापाचा चेहरा कसा उतरला, ते आधी दाखवलंय. पण खऱ्या आयुष्यात सावज बहुतेक वेळा तुमच्या सासूबाईंसारखंच असतं. भलं, एकटं, सरकारी आवाजाला मान देणारं. जो सिनेमा अशा माणसाला फसवून हशा मागतो, त्याला मी टाळी देत नाही आणि तुम्हीही देऊ नका. इचलकरंजीच्या पोरांना मी इथूनच सांगते, की तुमच्या चौघांनी सावकाराच्या आधी कुणाला फसवलं होतं, त्या घरातली एक दुपार दाखवा. कुणी रडत बसलेलं नको. हातात पाटल्या नसताना भाकरी थापणारी बाई दाखवा, आवाज बदललेला असतो.

प्रश्न : परवा मोबाइलवर एक ठकांचा सिनेमा बघितला. शेवटी कळतं की पोलीस, डॉक्टर आणि मेलेला माणूससुद्धा टोळीतलेच. मित्र म्हणाले 'लई भारी'. माझं डोकं फिरलं, फसवल्यासारखं वाटलं. मला सिनेमा कळत नाही का? (एक विद्यार्थी, राजारामपुरी)

तुला चांगला कळतो. मित्रांना सांग, परत बघा म्हणावं. दुसऱ्यांदा बघताना मजा वाढली तर सिनेमा खरा, पंधराव्या मिनिटाला चिडचिड झाली तर दिग्दर्शकानं लबाडी केलीय.

आता तू म्हणशील की लबाडी तर करायचीच असते. हो, पण कुणी कुणाशी, हे ठरलेलं असावं लागतं. टोळी सावजाला फसवते, आणि आपण सावजाच्या खांद्यावरून बघत असतो म्हणून आपणही फसतो. इथपर्यंत सगळं चोख. पण त्या मेलेल्या मित्रासाठी टोळीतला एकजण खोलीत एकटा असताना, दार बंद असताना ढसाढसा रडला असेल, तर तो कुणासमोर नाटक करत होता? सावज तिथं नाही. मग कॅमेऱ्यासमोर, म्हणजे तुझ्यासमोर. तिथं टोळीनं नव्हे, लेखकानं तुझा खिसा कापला. पुढच्या वेळी असला सिनेमा बघताना फक्त ही एकटेपणाची दृश्यं तपास. बरेच सिनेमे तिथंच पकडले जातात.

आमच्या खात्यात याचा उपाय वहीत असतो. साध्या सिनेमाला एक तक्ता पुरतो: सीन, कपडे, हातातली वस्तू. ठकांच्या सिनेमाला मी पुडीचा, म्हणजे जिची अदलाबदल होते त्या वस्तूचा, वेगळा तक्ता करायला सांगते. खरी पुडी या सीनमध्ये कुठं आहे, खोटी कुठं आहे. कुणाला वाटतं की आपल्या हातात खरी आहे. आणि शेवटचा रकाना, प्रेक्षकाला काय वाटतं. हे सगळे रकाने सीनगणिक भरायचे. एखाद्या सीनला खरी पुडी कुठं आहे ते लेखकालाच सांगता आलं नाही, तर शेवटी तो 'सगळेच आपले' म्हणून सुटका करून घेणार, हे मी संहिता हातात आल्या आल्या ओळखायची.

आणि यात एक गंमत आहे. समज, टेबलावर कागदाची पुडी आहे, घडी वरच्या बाजूला. कॅमेरा साहेबाच्या तोंडावर जातो, साहेब जांभई देतो, कॅमेरा परत येतो तर घडी खालच्या बाजूला. एरवी असं काही दिसलं की ओरडायचं, हेच माझं काम. ठकाच्या सिनेमात मात्र हा घोळ हवाच असतो. पुडी बदलली, ती तुझ्या डोळ्यांदेखत बदलली, आणि तू जांभईकडं बघत होतास. तेव्हा वहीत त्या शॉटपुढं लाल शाईनं 'मुद्दाम' असं लिहून ठेवावं लागतं. नाहीतर एडिटर बिचारा प्रामाणिकपणे तो घोळ निस्तरून टाकतो आणि सिनेमातली एकुलती एक सचोटी जाते.

प्रश्न : 'स्पेशल २६' मध्ये दाखवलेलं खरंच घडलं होतं का? (एक वाचक, गडहिंग्लज)

सिनेमा २०१३ चा, त्यात रंग भरलेत. मूळ घटना १९ मार्च १९८७ ची, मुंबईत ऑपेरा हाउसच्या एका सराफी पेढीवरची, आणि ती सिनेमापेक्षा विचित्र आहे. एका माणसानं गुप्तचर अधिकारी पाहिजेत अशी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या, उमेदवार निवडले, आणि सराव म्हणून त्यांना घेऊन पेढीवर सीबीआयचा 'छापा' घातला. दागिने नमुने म्हणून पिशवीत भरले, पोरांना दारावर पहारा द्यायला सांगितलं आणि निघून गेला. परत कधीच सापडला नाही.

माझं लक्ष त्या उमेदवारांकडं जातं. नोकरी लागली म्हणून इस्त्रीचे कपडे घालून आलेली पोरं. पेढीच्या मालकानं विश्वास ठेवला तो त्या एका माणसावर नव्हे, या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर. आणि ते चेहरे खरे होते, कारण त्यांना स्वतःलाच सगळं खरं वाटत होतं. टोळी न जमवता टोळी उभी केली त्यानं. सिनेमात ही माणसं थोडा वेळ येतात आणि जातात. खरं तर त्यांच्यातल्या एकावर वेगळा सिनेमा होईल. संध्याकाळ होत आलीय, पोलीस आलेत, आणि हा अजून छाती काढून दारावर उभा आहे, साहेब येतील म्हणून. कमी खर्चात होईल. इचलकरंजीकरांनो, ऐकताय ना?

प्रश्न : फसवणुकीवरचे सिनेमे परदेशातून आले असं आमचे सर म्हणतात. कोल्हापूरनं असा सिनेमा केलाय का? (एक वाचक, कागल)

सरांना 'सावकारी पाश' सांगा. १९२५, मूकपट, बाबूराव पेंटर, महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर. नारायण हरी आपट्यांची गोष्ट. सावकार कागदाच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीत जाऊन पोचतो. तो तरुण शेतकरी व्ही. शांतारामांनी केला होता. देवादिकांचे आणि इतिहासाचे सिनेमे चालत होते त्या काळात बाबूरावांनी हे केलं. झोपडीबाहेर रडणाऱ्या कुत्र्याचं त्यातलं दृश्य जुनी माणसं सांगायची. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथं उभं राहून मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं, कुणास ठाऊक.

त्यात टोळी कुठं आहे, असं सर विचारतील. खोटा दस्त एकट्या सावकाराला करता येतो का? लिहिणारा लागतो, आणि 'माझ्यासमोर अंगठा उठवला' म्हणणारा साक्षीदार लागतो. गावचाच, ओळखीचा, चार लोकांत ऊठबस असलेला. म्हणजे आपला तिसरा माणूस, फक्त धोतरातला.

प्रश्न : आमच्या शॉर्टफिल्ममधली टोळी कोल्हापूरची आहे. त्यांच्या तोंडी अस्सल रांगडी भाषा घातलीय. सगळे म्हणतात मजा येते. तरी काहीतरी खटकतं. (एक वाचक, कसबा बावडा)

खटकणारच. तुमचे ठक दर वाक्याला 'रांडेच्या' म्हणतात आणि मिशीला पीळ देतात. असल्या माणसाला मी माझी पिशवीसुद्धा धरायला देणार नाही, दागिने लांबच राहिले. आपापसात बोलताना रांगडेपणा असू दे, तोही बेतानं, आपण सगळे काही दिवसभर 'नाद खुळा' म्हणत फिरत नाही. सावजापुढं मात्र त्यांनी बँकेतल्या कॅशियरसारखं बोलावं, थोडं कंटाळून, थोडं नियमावर बोट ठेवून. 'तसं करता येणार नाही हो, नियमात बसत नाही' हे वाक्य ठकानं एकदा म्हटलं की सावज स्वतःहून आर्जव करायला लागतं. आणि टोळीतला एकजण तरी गडहिंग्लजकडचा, कानडी हेल असलेला घ्या. कोल्हापूरची टोळी म्हणजे सगळे एकाच पेठेतले, असं कुठं असतं?

प्रश्न : पोलिसांचा गणवेश आणि नोटांची बंडलं वापरायला काही परवानगी लागते का? सिनेमाच्या नावाचं काय? (एक वाचक, शाहूपुरी)

गणवेश सिनेमासाठी घालणं वेगळं आणि लोकांना पोलीस वाटावं म्हणून घालणं वेगळं. दुसरा गुन्हा आहे. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला हा फरक कळत नाही, आणि वरच्या पत्रातल्या आजींनंतर तर कुणाला कळू नये हेही बरोबर. तेव्हा शूटिंगच्या आधी त्या भागातल्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोचपावती दिग्दर्शकाच्या नव्हे तर गणवेश घातलेल्या नटाच्या खिशात ठेवा. दोन शॉटच्या मध्ये चहाला जाताना त्याच्या अंगावर साधा शर्ट चढवा. कॅमेरा लपवून खऱ्या लोकांवर ठकाचा प्रयोग करून 'रिॲक्शन' टिपायची, ही टूम कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. फसवणुकीचं जुनं ४२० कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, नंबर बदलला म्हणून तुरुंग बदललेला नाही.

नोटा घरी झेरॉक्स करू नका. खऱ्यासारखी दिसणारी नोट छापणं हाच गुन्हा, मग ती सिनेमासाठी का असेना. पोरांच्या खेळातल्या 'चिल्ड्रन बँक'च्या नोटा दुकानात मिळतात, लांबच्या शॉटला त्या चालतात. जवळच्या शॉटला बंडलाच्या वर आणि खाली एकेक खरी नोट, मध्ये कापलेला कोरा कागद, कडेला रबर. कागद फार पांढरा घेऊ नका, कडेनं बघितलं की लगेच ओळखू येतो. थोडा पिवळट बघा.

नावाची नोंदणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडं होते, त्यांचं मुख्य कार्यालय आपल्या गावातच आहे. तिथं चौकशी करून मगच पोस्टर छापा. थिएटरात लावायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल, मित्रांना घरी दाखवायचा असेल तर नाही.

आणि शूटिंग संपल्या संपल्या बंडलं मोजून कुणातरी एकाच्या ताब्यात द्या. आमच्या वेळी बंडलावरची खरी नोट रात्रीपर्यंत कधी टिकल्याचं मला आठवत नाही. सगळं युनिट शोधायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी सगळ्यांसाठी भजी घेऊन यायचा.